गुरूचे बर्फाचे चंद्र आणि त्यांच्या भोवतीचा वारा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साकेत नगर, भोपाळ येथे दिलेले व्याख्यान)



माझे नाव व्याख्यात्यांच्या यादीत पाहून मला संकोच वाटला, हे प्रथमच सांगून टाकते. मी शाळेत विज्ञान शिकविणारी साधी शिक्षिका, संशोधक नव्हे. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, कारण या व्यासपीठावरून मला एक चूक दुरुस्त करावयाची आहे आणि तिचे साक्षीदार बरेचसे येथेच बसलेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या न्यासाच्या सायंवर्गात मी सूर्यमालेचा पाठ घेत होते. फळ्यावर गुरू काढला, त्याचे चार मोठे चंद्र काढले. आठवीतील एका मुलीने विचारले, "मॅडम, गुरू आणि चंद्र यांच्यामध्ये काय असते?" मी तत्काळ उत्तर दिले, "काही नाही. पोकळी." तिने वहीत "पोकळी" असे लिहून घेतले. हेच उत्तर मी वर्षानुवर्षे देत आले होते. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी ग्रंथालयातून एक मासिक घेऊन आली आणि अगदी नम्रपणे तिने ते माझ्यापुढे ठेवले. त्यात लिहिले होते की, गुरू आणि त्याचे चंद्र यांच्यामधील जागा विद्युत्-भारित कणांनी भरलेली आहे आणि हे कण त्या चंद्रांवर अहोरात्र आदळत असतात. माझे उत्तर खोटे होते. त्या दिवसापासून मिळेल ते वाचीत गेले. आज सांगणार आहे ते त्या वाचनातले.

प्रथम त्या कणांविषयी. घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण पाठ केलेल्या असतात. वायू फार तापला, किंवा त्यावर जंबुपार किरणांचा किंवा वेगवान कणांचा मारा झाला, की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. एका बाजूस ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूस धनभारित आयन असे मिश्रण तयार होते. यास प्लाझ्मा म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यास 'आयनद्रायू' असा शब्द योजिला आहे. शब्द चांगला आहे, परंतु मुलांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी प्लाझ्माच म्हणेन. पेटलेल्या ट्यूबलाइटच्या आत तो आहे, आकाशातील विजेत आहे, आणि या सभागृहात भेलमध्ये आयुष्य काढलेले जे गृहस्थ बसले आहेत त्यांनी वेल्डिंगच्या ज्योतीत तो रोज पाहिलेला आहे. वायू आणि प्लाझ्मा यांत एक मोठा भेद असा की, वायूला चुंबकाची पर्वा नसते. प्लाझ्मा मात्र चुंबकीय क्षेत्राच्या धाग्यांना बांधल्यासारखा वागतो.

आता गुरूकडे येऊ. गुरू हा एक प्रचंड चुंबक आहे आणि तो दहा तासांच्या आत, म्हणजे सुमारे ९ तास ५५ मिनिटांत, स्वतःभोवती फिरतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र त्याच्याबरोबर फिरते आणि त्या क्षेत्राला बांधलेला प्लाझ्माही फिरतो. हा प्लाझ्मा येतो कोठून? बहुतांशी आयो नावाच्या चंद्रापासून. आयो हा बर्फाचा नव्हे, गंधकाचा आणि ज्वालामुखींचा चंद्र आहे. ५ मार्च १९७९ रोजी व्हॉयेजर-१ हे यान गुरूजवळून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लिंडा मोराबिटो या तरुण अभियंता बाईंना, यानाने पाठविलेले एक छायाचित्र तपासताना, आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फुगवटा दिसला. तो ज्वालामुखीचा फवारा होता. या चंद्रापासून दर सेकंदाला सुमारे एक टन गंधक आणि प्राणवायू यांचे द्रव्य अवकाशात जाते, त्याचे आयन बनतात आणि गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना पकडून गरगर फिरवू लागते. गुरूभोवती त्यांचे एक कडे तयार झालेले आहे. तेथून ते हळूहळू बाहेर पसरतात, आणि बाहेर वाटेवरच बर्फाचे तीन चंद्र आहेत: युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो. या चौघांना गॅलिलिओने १६१० सालच्या जानेवारीत दुर्बिणीतून पाहिले. त्यालाही मधली जागा रिकामीच वाटली असणार, एवढेच माझे समाधान!

युरोपा गुरूपासून सुमारे ६ लक्ष ७१ हजार किलोमीटरवर आहे आणि साडेतीन दिवसांत एक फेरी घालतो. त्याचा वेग सेकंदाला १४ किलोमीटरहून किंचित कमी. प्लाझ्मा मात्र गुरूबरोबर फिरत असल्यामुळे त्या ठिकाणी सेकंदाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने धावतो. याचा परिणाम गमतीचा आहे. आपण सायकलीवर चाललो की वारा समोरून तोंडावर येतो. युरोपाला तो पाठीमागून येऊन गाठतो. म्हणून युरोपाची मागची बाजू तांबूस आणि मळकट आहे. आयोचे गंधक त्या बर्फात रुतून बसले आहे. एका चंद्राचा धूर दुसऱ्या चंद्राच्या पाठीवर, असा हा शेजारधर्म आहे.

हा वारा अतिशय विरळ आहे हेही सांगितले पाहिजे. साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेत काही दहा ते काही शे कण. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत पंचवीस पुढे अठरा शून्ये मांडावी इतके रेणू असतात. तेव्हा "पोकळी" म्हणणारी मी अगदीच वेडी नव्हते. परंतु त्या विरळ कणांनी जे केले आहे ते पाहिले म्हणजे "काही नाही" हा शब्द मागे घ्यावा लागतो. बर्फावर आदळून हे कण पाण्याच्या रेणूंची फोड करतात. त्यातून प्राणवायू आणि उद्जन निघतात. २९ सप्टेंबर २०२२ रोजी जूनो यान युरोपाजवळून गेले, आणि त्याच्या मोजणीवरून २०२४ साली शास्त्रज्ञांनी सांगितले की, तेथे दर सेकंदाला सुमारे १२ किलो प्राणवायू तयार होतो. पूर्वीचे काही अंदाज याहून कितीतरी मोठे होते. बर्फाखाली समुद्र असेल आणि त्यात जीव असतील, तर वरून झिरपणारा प्राणवायू त्यांच्या उपयोगी पडावा अशी कल्पना आहे; त्यामुळे या आकड्याने काहींची निराशा झाली. मला मात्र आकडा कमी आला म्हणून तो न दडविता प्रसिद्ध झाला, याचेच कौतुक वाटले.

बर्फाखाली समुद्र आहे हे कळले कसे? येथेच आजच्या विषयाचे मर्म आहे, आणि त्यासाठी मला तुम्हाला प्रथम अलिबागला न्यावे लागेल.

आम्ही मूळचे अलिबागकडचे. माझे अब्बा सुतारकाम करीत. मी तिसरी-चौथीत असेन, एके दिवशी ते कामावरून आले आणि आईला म्हणाले, "आज बिनखिळ्याच्या घरात काम केलं." ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत एक दार दुरुस्त करावयास गेले होते. तेथे त्यांची लोखंडी अवजारे उपकरणांच्या खोलीपासून दूर ठेवावयास लावली, आणि दाराला पितळेचे स्क्रू दिले. अब्बांना प्रथम हा आपल्या अवजारांचा अपमान वाटला. मग तेथील एका कर्मचाऱ्याने त्यांना समजावून सांगितले की, "मिस्त्री, तुमचा रंधा आमच्या उपकरणाला डोंगराएवढा दिसतो." ते वाक्य अब्बा पुढे अनेक वर्षे सांगत.

ही वेधशाळा अलिबागला आली त्याचीही एक कथा आहे. मुंबईस कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्लाझ्माच्या लोंढ्याने पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणाने क्षैतिज क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदविली. त्या वहीतील आकडे २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा उघडून अभ्यासिले; त्या वादळाची तीव्रता ठरविण्यास जगाला कुलाब्याची वही उपयोगी पडली. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहामुळे मोजणी बिघडणार हे ओळखून, त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरी दगड आणला. आणि यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे, ट्राम येण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेविली, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत.

आता युरोपाकडे परत चला. भेलच्या मंडळींना 'एडी करंट' नवे नाहीत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात विद्युत्-वाहक ठेवला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. म्हणून तर रोहित्राचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांचा करावा लागतो. हे प्रवाह स्वतःचे एक उलट चुंबकीय क्षेत्र उभे करतात. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेला आहे. त्यामुळे युरोपावरून पाहिले तर गुरूचे क्षेत्र दर अकरा तासांनी एकदा इकडे, एकदा तिकडे असे डोलत असते. युरोपा नुसत्या बर्फाचा असेल तर त्याला याचे काही नाही. बर्फातून वीज वाहत नाही म्हटले तरी चालेल. परंतु बर्फाखाली खारे पाणी असेल, आपल्या अलिबागच्या समुद्रासारखे, तर त्यात प्रवाह खेळतील आणि त्यांचे उलट क्षेत्र यानाला जाणवेल.

गॅलिलिओ हे यान डिसेंबर १९९५ मध्ये गुरूपाशी पोहोचले. त्याच्या चुंबकमापकात युरोपाजवळ असे काही जाणवले. मार्गारेट किव्हलसन आणि कृष्ण खुराणा यांच्या गटाने १९९८ साली मांडले की, हे भूमिगत समुद्राचे लक्षण असावे. शंका अशी निघाली की, युरोपाच्या पोटात कायमचा लोहचुंबक असला तर? मग परीक्षा योजिली. ३ जानेवारी २००० रोजी यान युरोपाजवळून अशा वेळी गेले की, गुरूचे क्षेत्र आधीच्या खेपांच्या उलट दिशेला डोललेले होते. कायमचा चुंबक असेल तर त्याची दिशा तीच राहावी. समुद्रातील प्रवाह असतील तर ती उलटावी. ती उलटली. ज्या प्रयोगात आधीच सांगितलेले असते की असे झाले तर मी बरोबर आणि तसे झाले तर मी चूक, तो प्रयोग मला वर्गात शिकवावयास फार आवडतो.

तरीही काम संपले नाही, आणि याचे कारण पुन्हा तो वारा. प्लाझ्मा युरोपावर आदळतो, अडतो, बाजूंनी वळून जातो. त्यात विद्युत्-प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. युरोपापाशी गुरूचे क्षेत्र साधारण साडेचारशे नॅनोटेस्लाच्या आसपास. अलिबागला पृथ्वीचे क्षेत्र चाळीस हजारांच्या आसपास आहे. एवढ्या लहान क्षेत्रात समुद्राची खूण कोणती आणि वाऱ्याची कोणती हे वेगळे करावयाचे आहे. समुद्र आहे एवढे कळले. परंतु तो किती खोल, किती खारा, वरचे बर्फ किती जाड, हे वाऱ्याचा हिशेब वजा केल्याविना निश्चित सांगता येणार नाही. समुद्र हा कुलाब्याच्या जागी आणि प्लाझ्मा हा ट्रामच्या जागी समजा. फरक एवढाच की तेथे ट्रामपासून दूर अलिबागला जाण्याची सोय नाही; ट्रामचे वेळापत्रकच तोंडपाठ करावे लागते.

यासाठी १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या युरोपा क्लिपर यानावर चुंबकमापकाच्या जोडीला पिम्स नावाचे उपकरण दिलेले आहे. त्यात 'फॅरेडेचे पेले' आहेत. नाव भारदस्त असले तरी तत्त्व वर्षामापकाचे: पाऊस मोजावयास जसे भांडे उघड्यावर ठेवतात, तसा धातूचा पेला प्लाझ्माच्या प्रवाहात धरावयाचा, तोंडावरील जाळीला कमी-अधिक विद्युत्-दाब देऊन कोणत्या ऊर्जेचे कण आत येऊ द्यावयाचे ते ठरवावयाचे, आणि आत जमणारा विद्युत्-भार मोजावयाचा. असे चार पेले आहेत. हे यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचावयाचे आहे आणि युरोपाजवळून सुमारे ४९ वेळा जावयाचे आहे. त्याचा चुंबकमापक साडेआठ मीटर लांब दांड्यावर बसविला आहे, यानाच्या स्वतःच्या धातूपासून आणि विजेपासून दूर. युरोपीय संस्थेचे ज्यूस यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले. त्याचा दांडा १०.६ मीटर. अब्बांचा रंधा दाराबाहेर ठेविला होता, तसेच हे!

ज्यूसचे मुख्य लक्ष्य गॅनिमिड. तो बुध ग्रहाहून मोठा आहे, आणि १९९६ साली गॅलिलिओ यानाने दाखविले की त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. आजवर माहीत असलेल्या चंद्रांत असा तो एकटाच. गुरूच्या मोठ्या चुंबकीय घरात त्याने आपली स्वतंत्र खोली पाडून घेतली आहे. त्याच्या ध्रुवांपाशी प्लाझ्मामुळे प्रकाशाचे पट्टे दिसतात, आणि २०१५ साली हबल दुर्बिणीतून त्या पट्ट्यांचे डोलणे मोजून, ते अपेक्षेपेक्षा कमी डोलतात यावरून, त्याच्याही पोटात खारा समुद्र असल्याचे अनुमान निघाले. शनीच्या एन्सेलॅडसविषयी मी बोलत नाही. त्याला दुसरी संध्याकाळ लागेल.

हे सारे परदेशी यानांचे झाले. आपल्याकडे काय? नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. गुरूच्या चुंबकीय पट्ट्यांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे रेडिओ-उत्सर्जन तिने टिपलेले आहे. अलिबागची वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे, आणि तेथे अवकाशातील प्लाझ्माच्या लहरींचे गणित चालते. आणि प्लाझ्मा पाहावयास भोपाळ सोडण्याचेही कारण नाही. आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरपासून पुढे आयनांबर आहे. दक्षिण भारताच्या टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथील प्लाझ्मा दिवसा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेस व दक्षिणेस उतरतो. उत्तरेकडे जेथे तो साचून सर्वांत दाट होतो, त्या पट्ट्याच्या आसपास आपले भोपाळ आहे. आपल्या बरकतउल्ला विद्यापीठात या थराचा अभ्यास झालेला आहे.

यावरूनच शेवटच्या मुद्द्यावर येते, आणि तो थोडा खर्चाचा आहे. न्यासाच्या गेल्या बैठकीत मी विनंती केली होती की, सायंवर्गाच्या मुलांसाठी एक साधा रेडिओ-ग्राहक आणि तारेची आकाशक घ्यावी. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला विचारले, "ताई, गुरूचा आवाज ऐकून कुणाची फी भरली जायची आहे?" प्रश्न खोडसाळ नव्हता. ज्या न्यासाने पन्नास वर्षे फिया, वह्या आणि औषधे पुरविली, त्याने असे विचारलेच पाहिजे. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आज एवढेच सांगते की फी कुणाचीही भरली जाणार नाही, आणि फीच्या निधीतून यासाठी पैसा काढू नये असे माझेही मत आहे. हा खर्च आम्ही शिक्षक आणि माजी विद्यार्थी वर्गणीने करू. न्यासाकडून गच्ची तेवढी हवी.

ऐकावयाचे काय ते सांगते. १९५५ साली अमेरिकेत बर्क आणि फ्रँकलिन हे दोन शास्त्रज्ञ २२ मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश ऐकत असता कागदावर वेड्यावाकड्या रेषा उमटू लागल्या. प्रथम त्यांना तो कुणाच्या मोटारीच्या ठिणगीचा उपद्रव वाटला. परंतु उपद्रव ताऱ्यांचे वेळापत्रक पाळीत नाही. हा पाळीत होता. तो गुरू निघाला. १९६४ साली बिग यांनी दाखविले की, आयो आपल्या कक्षेत दोन ठराविक जागी आला की हा आवाज हटकून वाढतो. आयो प्लाझ्मातून आणि गुरूच्या क्षेत्रातून जाताना एखाद्या जनित्रासारखा वागतो आणि त्याच्या व गुरूच्या दरम्यान दहा लाख अँपियरहून अधिक प्रवाह वाहतो. त्याचाच हा कोलाहल. युरोपा आणि गॅनिमिड यांच्याही अशा खुणा आहेत, पण फार क्षीण. त्या आपल्या तारेला ऐकू येतील असे आश्वासन मी देत नाही. आयोचा आवाज मात्र साध्या साधनांनी जगभरच्या शाळांतील मुलांनी ऐकलेला आहे. ध्वनिक्षेपकातून तो कधी किनाऱ्यावर लाटा फुटाव्यात तसा येतो, कधी पत्र्यावर मूठभर खडे टाकावेत तसा.

अडचणी आहेत. दिवसा आपल्याच डोक्यावरचा दाट प्लाझ्मा या लहरींना अडवितो किंवा वाकवितो, आणि भोपाळ त्या दाट पट्ट्याशेजारी असल्याने आपल्याला उत्तररात्रीचीच वेळ साधावी लागेल. शिवाय आसपासच्या घरांतील इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे, लिफ्टची मोटर हे सर्व त्या कानाला कर्कश आहेत. मुंबईची ट्राम आमच्याही मागे लागलेली आहे. पहिल्या काही रात्री बहुधा शेजाऱ्यांच्या पंपाशिवाय काही ऐकू येणार नाही. मुलांना मी सांगितले आहे की, आधी पंधरा दिवस केवळ उपद्रवाची वही ठेवावयाची: कोणता आवाज किती वाजता, कुणाच्या घराचा. मग गुरू.

तार सात मीटरपेक्षा किंचित अधिक लांब हवी, वीस मेगाहर्ट्झसाठी, मध्यभागी तोडून जोडलेली. अशा दोन तारा. बांबू मिळालेले आहेत. ज्या मुलीने मला मासिक आणून दाखविले ती आता दहावीत आहे, आणि उपद्रवाची वही तिच्याकडे आहे. येत्या हिवाळ्यात गुरू रात्री उशिरापर्यंत वर असेल. गच्चीची किल्ली अध्यक्षमहाशयांकडे असते असे कळले. सभा संपल्यावर मी त्यांना भेटणार आहे.